पेन्सिलीतला ॲरागॉर्न

‘ताई, ज्या कादंबरीमालेची मी कॉलेजपासून पारायणं करते आहे, तिच्यावर चित्रपट येतोय. ट्रेलर पाहिला आणि झोप उडाली. नायिकेचे केस आखूड, आणि माझं सगळ्यात लाडकं पात्र कुठेच नाही! मैत्रिणी म्हणतात, पुस्तक वेगळं, चित्रपट वेगळा, सोडून दे. मला सोडून देता येत नाही. बघायला जाऊ की नको?’

जा. मैत्रिणींचं ते वाक्य मात्र घरी ठेवून जा. मला ते कधीच पटलेलं नाही. वेगळंच करायचं होतं, तर नाव तेच कशाला घेतलंत? आमच्या जिवावर तिकिटं खपवायची आणि वर आम्हालाच समजूतदारपणा शिकवायचा!

केसांचं फार मनावर घेऊ नका, अर्ध्या तासात सवय होते. पात्र गळलं याची काळजी रास्त आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब. त्या हिशेबात जाडजूड कादंबरीतली माणसं गळणारच. कोणी गेलं, तर जाताना सोबत काय घेऊन गेलं ते बघायचं.

टोल्किनच्या तीन खंडांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीचंच घ्या. पीटर जॅक्सनने तिच्यावर तीन चित्रपट केले; २००१च्या पहिल्यात टॉम बॉम्बाडिल नाही. गाणी म्हणत हिंडणारा, पिवळ्या बुटांचा हा विक्षिप्त बाबा गेल्याचं अनेकांना काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात मीही त्याची पानं भराभर उलटली होती. पण पुस्तकात तो फ्रोडो, मेरी आणि त्यांचे दोन सोबती अशा चौघा बुटक्या हॉबिटांना थडग्यातल्या भुताच्या तावडीतून सोडवतो आणि त्याच थडग्यातल्या जुन्या कट्यारी त्यांच्या हातात देतो. त्या कट्यारी शेकडो वर्षांपूर्वी घडवलेल्या, आणि कोणाविरुद्ध? अँगमारच्या, पुढे पिशाच होऊन उरलेल्या राजाविरुद्ध. पुढे तिसऱ्या खंडात, भर रणात, मेरी मागून येऊन त्याच राजाच्या गुडघ्यामागे आपली कट्यार खुपसतो. दुसऱ्या कुठल्याही पात्याने असा घाव बसला नसता, असं टोल्किन तिथे बजावून सांगतो. ज्याने ती घडवली तो कधीच मातीला मिळाला, पण त्याचं काम एका बुटक्याच्या हातून झालं. चित्रपटात वेदरटॉपच्या टेकडीवर त्यांचा वाटाड्या ॲरागॉर्न तलवारी वाटतो आणि विषय संपतो. तिसऱ्या चित्रपटात त्या प्रसंगी मला रडू आलंच, नाही असं नाही. पण पुस्तक वाचताना जो काटा आला होता, तो त्या जुन्या हिशेबाचा होता, आणि तो बॉम्बाडिलबरोबर गेला.

फॅरामिर या सरदारावर मात्र माझा वर्षानुवर्षं राग होता. पुस्तकात तो फ्रोडोजवळच्या जादूच्या अंगठीचा मोह झटकतो आणि त्याला वाट मोकळी करून देतो. चित्रपटात तो फ्रोडोला धरून ऑस्गिलिअथ शहरापर्यंत फरफटत नेतो. पुढे कळलं की शेलॉब या अजस्र कोळी-किड्याचा प्रसंग दुसऱ्या खंडातून उचलून तिसऱ्या चित्रपटात टाकल्यामुळे दुसऱ्याच्या शेवटी फ्रोडोपुढे संकटच उरलं नव्हतं; ते कुठून तरी आणणं भाग होतं. कारण पटलं. राग थोडा आहेच.

काही बदलांना मात्र कसलीच सबब चालत नाही. अर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ कादंबऱ्यांत नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा आहे, तिथली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत, तिने ते मुद्दाम, विचार करून केलं होतं. २००४च्या टीव्ही मालिकेत गेड गोरा झाला आणि ले ग्विनने जाहीर लेख लिहून झोडपलं. केस आखूड झाले तर गोष्ट तीच राहते. इथे गोष्टीचा कणाच काढला. तुमच्या पात्राबाबत हाच निकष लावा आणि मला कळवा.

‘भरपूर वेळ दिला तर सगळं पुस्तक येईल ना? मग दोन-अडीच तासांचा अट्टाहास कशासाठी?’

‘द हॉबिट’ हे टोल्किनचंच जेमतेम तीनशे पानांचं पुस्तक. २०१२ ते २०१४ अशी तीन वर्षं त्याचे तीन चित्रपट आले. वेळ इतका उरला की पुस्तकात नसलेली टॉरिएल नावाची एल्फ, म्हणजे परीसारख्या जातीची बाई, आली आणि तिच्यामागून प्रेमप्रकरणही आलं. एवढं उत्तर पुरे.

‘एकदा चित्रपट पडला की पडद्यासाठी त्या पुस्तकाकडे पुन्हा कोणी वळत नाही, ही भीती खरी आहे का?’

बरीचशी खरी. फिलिप पुलमनच्या ‘हिज डार्क मटेरिअल्स’ या त्रयीतल्या पहिल्या पुस्तकावर २००७ साली चित्रपट आला, त्यात पुस्तकाचा कडू शेवट पुढच्या भागासाठी राखून ठेवला. पुढचा भाग आलाच नाही! चाहते बारा वर्षं थांबले, तेव्हा २०१९मध्ये मालिका सुरू झाली आणि तिन्ही पुस्तकं पूर्ण झाली. एवढं थांबायची तयारी ठेवा.

‘मुलगी नऊ वर्षांची आहे. आधी पुस्तक द्यावं की चित्रपट दाखवावा?’

पुस्तक. आणि सोबत पेन्सिल. पात्रं तिला कशी दिसतात ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवायला सांगा. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या प्रतीत मी लिहिलं होतं: ‘ॲरागॉर्न – भूगोलाच्या मास्तरांसारखा. खांद्यात वाकलेला, बोलताना खिडकीबाहेर बघतो. बूट फाटके.’ तेव्हा तो मला अगदी तसाच दिसायचा, उंच, थकलेला, आमच्याकडे न बघता वाळवंटांची नावं सांगणारा. मग चित्रपट आला. व्हिगो मॉर्टेन्सनने काम झकास केलं, तक्रार नाही. पण परवा पुस्तक पुन्हा काढलं, सरायच्या कोपऱ्यात बसलेल्या त्या अनोळखी माणसाच्या पानाशी आले आणि समोर मॉर्टेन्सनच बसलेला. मागचं पान उघडून माझी ओळ दोनदा वाचली. अक्षर माझंच आहे. मास्तर काही केल्या दिसेनात.