‘अतिस्पष्ट’ म्हणू नका, जरी स्पष्ट हा स्पेक्ट्रमचा चुलतभाऊ असला तरी

प्रश्न असा आला आहे: ‘लहान उपग्रहांवर पर्यावरणाच्या देखरेखीसाठी हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे बसवतात. त्यांना मराठीत अतिवर्णपटीय म्हणावे की अतिस्पष्ट? आणि लघुउपग्रह बरोबर की लघूपग्रह?’

‘अतिस्पष्ट’ आधी निकालात काढतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. शेवाळाची, वणव्याची, मिथेनगळतीची बातमी आली की ‘उपग्रहाने टिपलेली अतिस्पष्ट हायपरस्पेक्ट्रल छायाचित्रे’ ठरलेलीच. अहो, ही चित्रे बहुतेकदा धूसर असतात! 2000 साली सोडलेल्या ईओ-1 उपग्रहावरच्या हायपेरिऑन या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर. त्यात घरेच्या घरे विरघळून जातात. पण त्या एका ठिपक्याचा प्रकाश तो 200 हून अधिक रंगपट्ट्यांत पाखडून मोजायचा. वस्तूचा आकार ढोबळ, पण ती कशाची बनली आहे ते बारीक, असा हा सौदा आहे.

आता गंमत. स्पेक्ट्रम, म्हणजे आपला वर्णपट, हा लॅटिन शब्द. अर्थ भास, आकृती, भूतसुद्धा. न्यूटनने 1672 मध्ये छापलेल्या पत्रात लोलकातून भिंतीवर पडलेल्या रंगीत पट्ट्याला तो लावला. मूळ धातू पाहण्याचा. त्याचा संस्कृतातला सख्खा भाऊ म्हणजे स्पश्, पाहणे. आणि स्पश् चे भूतकालवाचक धातुसाधित काय? स्पष्ट! म्हणजे ‘पाहिलेले’. हायपर हा ग्रीक आणि आपला उपरि एकाच घरचे. उपरि झिजत झिजत मराठीत ‘वर’ झाला. तेव्हा हायपरस्पेक्ट्रलची फोड केली तर घरात ‘वर’ आणि ‘स्पष्ट’ सापडतात. ज्या बातमीदाराला मी तीन वर्षे शिव्या घालतो आहे, तो अजाणता व्युत्पत्तीच्या दारात उभा होता.

पण खरे सुख पुढे आहे. स्पश् वरून स्पश, म्हणजे हेर. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात, सोळाव्या सूक्तात वरुणाचे हेर येतात: ‘दिव स्पशः प्र चरन्तीदमस्य सहस्राक्षा अति पश्यन्ति भूमिम्’. आकाशातून निघालेले, हजार डोळ्यांचे, वरून भूमी न्याहाळणारे. हजार डोळे! इंग्रजीतला स्पाय याच धातूचा, फिरून फिरून आलेला. (यावरून वेदकाळी उपग्रह होते असे सांगायला जे हात वर करत आहेत, त्यांनी ते खाली घ्यावेत. इथे नाते शब्दांचे आहे, यंत्रांचे नाही.)

परिभाषा घडवणाऱ्यांचा कल ‘अतिवर्णपटीय’कडे असतो, आणि इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. ‘अति’ दोन कामे करतो. अतीन्द्रिय, अतिक्रमण यांत तो ‘पलीकडे’, अतिवृष्टीत ‘प्रमाणाबाहेर’. अल्ट्राव्हायोलेटला अतिनील म्हणून आपण प्रकाशाच्या प्रांतात पहिला अर्थ पक्का केला. (त्याला ‘जंबुपार’ असा देखणा मराठी शब्द होता. जांभळ्याच्या पार! तो का टाकला, देव जाणे.) मग ‘अतिवर्णपटीय’ वाचणारा मुलगा ‘वर्णपटाच्या पलीकडचे’ असाच अर्थ लावणार, आणि त्याची चूक नाही. शिवाय 1985 च्या ‘सायन्स’मधल्या ज्या लेखाने हे तंत्र ठळकपणे मांडले, त्याच्या शीर्षकात हायपर नाहीच, तिथे नुसते ‘इमेजिंग स्पेक्ट्रोमेट्री’ आहे. ज्या उपसर्गाविना भागत होते, त्याच्याशी आपण इतके इमान का राखावे?

माझा शब्द ‘सलगवर्णी’. मल्टिस्पेक्ट्रलला, म्हणजे मोजक्या, सुट्या पट्ट्यांत पाहण्याला, ‘बहुवर्णी’ आहेच. दोन्हींतला फरक नुसत्या संख्येचा नाही, सलगतेचा आहे. एक उदाहरण पाहा. पाण्यातल्या नीलहरित शेवाळात फायकोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते 620 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणजे वर्णपटाच्या रेघेत तिथे खळगा पडतो. लँडसॅट-8 या बहुवर्णी उपग्रहाचा हिरवा पट्टा 590 ला संपतो आणि तांबडा 636 ला सुरू होतो. खळगा नेमका मधल्या फटीत! पाणी हिरवट दिसेल; पण तो नेहमीचा हिरवेपणा की विष सोडू शकणारे शेवाळ, हे या दोन पट्ट्यांतून कळणे अवघड. नॉर्वेतल्या एनटीएनयू विद्यापीठाचा लहान उपग्रह हिप्सो-1, जानेवारी 2022 मध्ये गेलेला, जेमतेम बुटांच्या खोक्याएवढा, साधारण 400 ते 800 नॅनोमीटरपर्यंत फट न सोडता पाहतो. समुद्रातले शेवाळाचे बहर शोधणे हेच त्याचे मुख्य काम. ‘सलग’ म्हणायचे ते याला.

‘सलग’ला ‘वर्ण’ जोडला की देशी-संस्कृत भेसळ होते, असा आक्षेप येईलच. येऊ द्या. ‘सलग’ स्वतः ‘संलग्न’च्या कुळातला आहे, त्यामुळे सोवळे फारसे मोडत नाही. आणि आक्षेप घेणारे स्वतः ‘रेल्वेस्थानक’ म्हणतात, तेव्हा त्यांना भेसळ दिसत नाही.

‘वर्ण’ सोडू नका, एवढे मात्र सांगतो. वर्ण म्हणजे रंग, वर्णयति म्हणजे रंगवतो, आणि त्यावरूनच वर्णन. एकेका ठिपक्याचे रंगांतून वर्णन करणाऱ्या यंत्राला याहून नेमका शब्द कुठून आणणार?

लघुउपग्रहाचे राहिले. संधीच्या नियमाने लघूपग्रह. लिहा खुशाल, पण वाचणारा ‘पग्रह’ म्हणजे काय ते शोधत बसेल. मी ‘लहान उपग्रह’ लिहितो.