टर्मिनलवरून एलडॅपच्या नोंदी बदलताना : वाचकांचे प्रश्न

(आदेश आणि घटकांची, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांची, नावे छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. टंकताना ती इंग्रजी अक्षरांत टंकावीत, आकडेही इंग्रजीच.)

प्रश्न : होटगी रस्त्यावरच्या आमच्या महाविद्यालयात ओपनएलडॅपवर (एलडॅप या पद्धतीने नोंदी ठेवणारा सर्व्हर) कर्मचाऱ्यांची डिरेक्टरी म्हणजे नोंदवही आहे. ‘०२१७’ ने सुरू होणारे सगळे क्रमांक ‘+९१ २१७’ असे करायचे आहेत. एलडॅपमॉडिफायला (नोंदी बदलणारा आदेश) बदलांची फाइल दिली की ‘राँग ॲट्रिब्यूटटाइप’ म्हणून थांबते. फाइल तर बरोबर दिसते.

उत्तर : दिसते खरी, पण बहुधा त्यात एक आडवी रेघ राहून गेली आहे. एकाच नोंदीत दोन बदल असतील, तर त्यांच्यामध्ये नुसती ‘-’ असलेली ओळ लागते. ती नसली की पुढचा ‘ॲड’ हा शब्द आदेश न समजता घटकाचे नाव समजला जातो आणि गाडी अडते. नोंद अशी हवी (‘डीएन’ म्हणजे नोंदीचा पूर्ण पत्ता) :

डीएन: यूआयडी=लेखा०४,ओयू=पीपल,डीसी=कॉलेज,डीसी=लोकल
चेंजटाइप: मॉडिफाय
डिलीट: टेलिफोननंबर
टेलिफोननंबर: जुना क्रमांक
-
ॲड: टेलिफोननंबर
टेलिफोननंबर: नवा क्रमांक
-

त्यानंतर एक रिकामी ओळ आणि मग पुढची नोंद. ती ओळ खरोखर रिकामी हवी. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा म्हणजे ‘मागची ओळ पुढे चालू’, त्यामुळे चुकून एक स्पेस पडली तरी दोन नोंदी एकमेकींना चिकटतात.

‘रिप्लेस’ने हेच काम कमी ओळींत होते, मग एवढा खटाटोप कशाला? कारण ‘रिप्लेस’ त्या घटकाची सगळी मूल्ये पुसून नवे लिहितो. एखाद्या प्राध्यापकांच्या नावावर विभागाचा आणि कार्यालयाचा असे दोन क्रमांक असतील, तर दुसरा मुकाट्याने जातो. ‘डिलीट’मध्ये जुने मूल्य दिले, की नेमके तेवढेच निघते. मधल्या काळात कोणी ते बदलले असेल, तर सर्व्हर त्रुटी १६ देऊन ती नोंद जशीच्या तशी ठेवतो, कारण एका नोंदीतले बदल सगळे होतात किंवा एकही होत नाही. शेकडो नोंदींच्या कामात ‘रिप्लेस’ टाळावा, असेच आम्ही सांगू.

फाइल हाताने लिहू नका; एलडॅपसर्च (शोधाचा आदेश) जी यादी देतो, तिच्यातून ऑकच्या (मजकूर चाळणारे साधन) स्क्रिप्टने बनवा. एलडॅपसर्चला ‘टेलिफोननंबर=०२१७*’ हा फिल्टर द्या, सोबत ‘-एलएलएल’ आणि ‘-ओ एलडिफ-रॅप=नो’. दुसरा पर्याय विसरलात तर लांब ओळी मोडून येतात आणि ऑकची स्क्रिप्ट अर्धाच डीएन उचलते. जुळलेल्या नोंदीतले सगळेच क्रमांक बाहेर येतात, मोबाइलसारखा दिसणारासुद्धा. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘०२१७’ची अट पुन्हा घाला.

आधी एकच नोंद चालवून एलडॅपसर्चने तपासा. ‘-एन’ ही रंगीत तालीम उपयोगी आहे, पण ती फक्त फाइलीची मांडणी बघते, सर्व्हरला काही विचारत नाही. पूर्ण फाइल म्हणजे एक व्यवहार नव्हे : चाळिसावी नोंद अडली तरी आधीच्या एकोणचाळीस बदललेल्याच राहतात. ‘-सी’ दिल्यास काम न थांबता पुढे जाते, आणि मोठा (कॅपिटल) ‘-एस’ देऊन फाइलीचे नाव दिल्यास अडलेल्या नोंदी कारणासह तिथे जमा होतात. तेवढ्याच दुरुस्त करून पुन्हा चालवायच्या. पासवर्डसाठी मोठा ‘-डब्ल्यू’ वापरा. लहान ‘-डब्ल्यू’ने तो शेलच्या इतिहासात (टंकलेल्या आदेशांच्या यादीत) राहतो.

प्रश्न : अक्कलकोट रस्ता एमआयडीसीत आमचा चादर-टॉवेलचा कारखाना आहे. लग्नानंतर एका कर्मचारी ताईंचे नाव बदलले. ‘सीएन’ (पूर्ण नावाचा घटक) बदलायला गेलो तर त्रुटी ६७ येते.

उत्तर : तुमच्याकडे डीएनची सुरुवातच ‘सीएन’ने होत असणार. ज्या मूल्यावर नोंदीचा पत्ता उभा आहे, ते ‘मॉडिफाय’ने काढता येत नाही. तिथे ‘चेंजटाइप: मॉडआरडीएन’ (आरडीएन म्हणजे डीएनचा पहिला तुकडा), खाली ‘न्यूआरडीएन’मध्ये ‘सीएन=नवे नाव’ आणि ‘डिलीटओल्डआरडीएन: १’ लिहावे. शून्य लिहिल्यास जुने नावही नोंदीत राहते.

आडनाव आणि मेल यानंतर, नव्या डीएनखाली वेगळ्या नोंदीने बदला. जुना डीएन वापरलात तर त्रुटी ३२ : अशी नोंदच नाही. खरी डोकेदुखी गटांची असते. गटाच्या ‘मेंबर’मध्ये जुना डीएन तसाच राहतो आणि ताईंचा सामायिक फोल्डर दुसऱ्या दिवशी उघडत नाही. सर्व्हरवर ‘रेफिंट’ ओव्हरले (जोड-भाग) बसवलेला असेल तर तो हे सांभाळतो; नसेल तर ‘मेंबर=जुना डीएन’ असा शोध घेऊन प्रत्येक गट दुरुस्त करावा लागतो. पुढच्या वेळी नवी डिरेक्टरी उभारलीत, तर डीएनमध्ये माणसाचे नाव घालूच नका. कर्मचारी क्रमांक घाला.

प्रश्न : नावे मराठीत भरली. शोध घेतला की ‘सीएन’पुढे दोन कोलन आणि अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात. माहिती बिघडली का? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. दोन कोलन म्हणजे पुढचे मूल्य बेस-६४ मध्ये (कोणताही मजकूर साध्या इंग्रजी अक्षरांत मांडण्याची पद्धत) आहे. ‘बेस६४ -डी’मधून काढले की मराठी नाव नीट वाचता येते. तीच ओळ बदलाच्या फाइलीत वापरायची असेल, तर दोन्ही कोलन कायम ठेवा. ‘सीएन’ आणि ‘एसएन’मध्ये (आडनाव) देवनागरी चालते, ‘मेल’मध्ये मात्र चालत नाही, तिथे त्रुटी २१ येते. दूरध्वनीत मराठी आकडे टंकलेत तरी तीच.

प्रश्न : बदलांआधी एलडॅपसर्चने सगळी डिरेक्टरी फाइलीत उतरवली, पण ५०० नोंदींवर थांबली.

उत्तर : ती ओपनएलडॅपची मूळ मर्यादा आहे, त्रुटी ४. बॅकअपसाठी एलडॅपसर्च नकोच. सर्व्हरवरच स्लॅपकॅट (सगळा डेटाबेस उतरवून देणारा आदेश) चालवा. एमडीबी साठवण असेल तर सेवा सुरू असतानाही चालते. त्या फाइलीत पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असतात, म्हणून परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. परत भरताना सेवा बंद करून, रिकाम्या डेटाबेसमध्ये स्लॅपॲड चालवायचे. रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवल्यास नव्या फाइलींची मालकी रूटकडे जाते आणि सेवा उठत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर ती ‘ओपनएलडॅप’ या वापरकर्त्याला देऊन मगच सेवा सुरू करा.