वाचकांचे प्रश्न : अल्बमातला तो विटकरी रंग मोबाइलच्या फोटोंना कसा आणायचा?

प्रश्न : नमस्कार ताई, आईबाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत, त्यानिमित्त एक अल्बम छापून घ्यायचाय. १९८५ च्या लग्नाचे ३६ रंगीत फोटो आहेत, अख्खा एक रोल, आणि ते सगळे आता विटकरी-लालसर झालेत. त्यांच्या शेजारी गेल्या वर्षभरातले मोबाइलवरचे २०० च्या वर फोटो लावायचेत, पण ते इतके चकचकीत आहेत की एका पानावर दोन्ही ठेवले की डोळ्याला खुपतं. ॲपमधले विंटेज फिल्टर लावून पाहिले तर सगळं नुसतं पिवळं होतं, आणि एकेक फोटो धरून बसायला वेळ नाही. मित्र म्हणतो इमेजमॅजिक नावाचं फोटोंचं सॉफ्टवेअर वापर, टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून एका दमात होईल. टर्मिनल मला थोडंफार येतं. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : मित्राचं बरोबर आहे, इमेजमॅजिकच घ्या, १९९० पासून फुकट मिळतंय आणि असल्या कामाला मला तरी त्याच्यापेक्षा भरवशाचं काही सापडलेलं नाही. पण कमांड लिहायला घेण्याआधी अल्बमातला एक फोटो हातात घ्या आणि खिडकीपाशी नेऊन नीट बघा. तो पिवळा नाहीये. काळे केस चॉकलेटी-लालसर झालेत आणि पांढरा काठ सायीच्या रंगाचा झालाय, बरोबर ना? म्हणजे सावलीत एक गोष्ट झालीय आणि उजेडात वेगळीच. ॲपवाले फिल्टर बऱ्याचदा सगळ्यावर एकच पिवळा हात फिरवतात, म्हणून ते खोटं वाटतं.

असं का होतं तर रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात, निळसर सायन, मॅजेंटा आणि पिवळं. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर, अल्बमात अंधारात पडून राहिलं तरी सायन सगळ्यात आधी मरतं. लाल प्रकाश शोषून घेणारं हेच द्रव्य, ते गेलं की लाल अडवणारं कोणी उरत नाही आणि अंधारे भाग लालीवर जातात, वर कागद स्वतः पिवळा पडतो तो वेगळाच. (उन्हात ठेवलेल्या चित्राचं उलटं होतं, सलूनच्या काचेवरची जुनी पोस्टरं निळी पडलेली बघितली असतीलच, तिथे मॅजेंटा आणि पिवळं आधी उडतं.)

तर आता अंदाज लावायचा नाही, मोजायचं. एक फोटो फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि स्कॅनरचं ऑटो कलर करेक्शन आठवणीने बंद ठेवा, नाहीतर जो रंग आपल्याला हवाय तोच तो पुसून टाकेल. ट्यूबलाइटखाली मोबाइलने काढलेला फोटो या कामाला चालत नाही. मग स्कॅनमधल्या पांढऱ्या काठाचा एक छोटा तुकडा कापून त्याचा सरासरी रंग विचारायचा. कमांड टाइप करायची ती अर्थात इंग्रजी अक्षरांत, मी इथे आपण बोलतो तशी लिहितेय : मॅजिक, स्कॅनचं नाव, हायफन क्रॉप २०x२०+१०+४००, हायफन स्केल १x१, आणि शेवटी फाइलच्या नावाच्या जागी टीएक्सटी आणि कोलन. चारशे पिक्सेलचा मिळून एकच होतो आणि त्याचे लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे स्क्रीनवर येतात. तसंच केसांचा किंवा कोटाचा सगळ्यात काळा भाग शोधून त्याचेही आकडे घ्या.

माझ्या घरच्या एका लग्नाच्या फोटोवर मी हे केलं तेव्हा काठ आला २४१, २२९, २०१ आणि केस आले ६२, ३४, ३८. शुद्ध पांढरा म्हणजे तिन्ही २५५ आणि शुद्ध काळा म्हणजे तिन्ही शून्य, हे धरून २५५ ने भागून टक्के काढले की लाल २४ ते ९५, हिरवा १३ ते ९०, निळा १५ ते ७९. हीच तुमची रेसिपी! कुठलंही फिल्टर नाही, तुमच्या घरातल्या कागदाचं वय आहे ते.

ती लावायला प्लस लेव्हल नावाचा पर्याय आहे. हायफन लेव्हल आणि प्लस लेव्हल यांत गल्लत करू नका, हायफनवाला फोटो ताणून कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि प्लसवाला दाबून त्या दोन टक्क्यांच्या मध्ये बसवतो, आपल्याला दाबायचंय. म्हणजे हायफन चॅनल आर (आर म्हणजे लाल, जी हिरवा, बी निळा) प्लस लेव्हल २४%,९५%, मग चॅनल जी ला १३%,९०%, चॅनल बी ला १५%,७९%, आणि शेवटी प्लस चॅनल, म्हणजे पुढच्या सूचना परत तिन्ही रंगांना लागू होतात. तुमचे आकडे तुमच्या फोटोचे टाका, माझे नकोत.

एवढ्याने रंग जुळतो पण फोटो अजून मोबाइलचाच वाटतो, कारण मोबाइल प्रत्येक कडा धारदार करून ठेवतो, केसाकेसाला चकचकीत रेघ. म्हणून रंगाच्या आधी हायफन रिसाइझ १८००x१८०० करून हायफन ब्लर ०x०.८ द्या, हायफन मॉड्युलेट १००,८५,१०० देऊन रंग थोडे उतरवा (तीन आकडे म्हणजे उजळपणा, रंगाचा भडकपणा आणि छटा, १०० म्हणजे आहे तसं), आणि सगळ्यात शेवटी ग्रेन, म्हणजे फिल्मच्या फोटोत दिसतात ते बारीक दाणे, त्यासाठी हायफन ॲटेन्युएट ०.२ आणि मग प्लस नॉइज गॉसियन. ॲटेन्युएट आधीच यायला हवं, नंतर लिहिलं तर त्याचा काही उपयोग होत नाही. आणि अगदी पहिली सूचना हायफन ऑटो-ओरिएंट, नाहीतर उभे काढलेले फोटो काही ठिकाणी आडवे दिसतात.

२०० फोटोंना एकदम लावायला इमेजमॅजिकचीच मॉग्रिफाय कमांड आहे पण त्याची मला भीती वाटते आणि तुम्हालाही वाटू द्या, कारण ते मूळ फाइलवरच लिहितं, नवीन प्रत काढत नाही, विचारत नाही, परत आणता येत नाही. हायफन पाथ देऊन वेगळा फोल्डर सांगितला तर मूळ सुरक्षित राहतं, तो फोल्डर आधी स्वतः बनवून ठेवायचा. तरीही मूळ फोटोंची प्रत पेनड्राइव्हवर काढल्याशिवाय एंटर दाबू नका, आईबाबांचे फोटो आहेत ते.

आणि आधी तीनच फोटोंवर करून बघा, एक उन्हातला, एक घरातला, एक रात्रीचा. माझ्या काकांचा मिरजेत स्टुडिओ होता, ते डार्करूममध्ये कागदाची एक पट्टी घेऊन थोडी थोडी झाकत पाच-सहा वेगवेगळे एक्स्पोजर द्यायचे, पट्टी धुऊन लाल दिव्याखाली धरायचे आणि मगच अख्खा कागद वापरायचे. इथेही तेच करता येतं, लालचा २४ हा आकडा १२, १८, २४, ३० असा बदलून चार प्रती काढा, माँटाज कमांडने एका ओळीत जोडा आणि ती पट्टी छापून खऱ्या फोटोशेजारी ठेवा. स्क्रीनवर ठरवू नका.

प्रश्न : आजोबांच्या स्टुडिओतल्या फोटोसारखा जुना तपकिरी लूक हवाय. सेपिया टाकलं की झालं का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आधी आजोबांचा फोटो खरंच सेपिया आहे का ते बघा. सेपिया हे वयाने येत नाही, ते मुद्दाम करायचे, ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधल्या चांदीचं गंधकाच्या रसायनात सिल्व्हर सल्फाइड करून, आणि ती प्रिंट उलट जास्त टिकते. सगळीकडे सारखा उबदार तपकिरी असेल तर सेपिया, डागाडागांनी पिवळा पडला असेल तर बहुतेक हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेला नव्हता, आणि नुसता राखाडी असेल तर त्याला राखाडीच राहू द्या ना, किती छान दिसतो.

खरा सेपिया असेल तर हायफन सेपिया-टोन ८०% पासून सुरुवात करा. ग्रेन घालायची असेल तर सेपियाच्या आधी घाला, नंतर घातली तर रंगीबेरंगी ठिपके दिसतात आणि फोटो मोबाइलने अंधारात काढल्यासारखा वाटतो.

प्रश्न : एका ॲपमधला एक फिल्टर मला फार आवडतो पण त्यात काय केलंय ते कळत नाही. तोच कॉम्प्युटरवर शेकडो फोटोंना लावता येईल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : येईल, आणि ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे! मॅजिक, मग हाल्ड कोलन ८ (एच-ए-एल-डी असं स्पेलिंग), मग पीएनजी फाइलचं नाव, असं लिहिलं की ५१२x५१२ चं एक विचित्र रंगीत चित्र तयार होतं, त्यात २,६२,१४४ रंग ठरलेल्या क्रमाने मांडलेले असतात, म्हणजे रंगांचं अख्खं शेडकार्डच. ते चित्र ॲपमध्ये न्यायचं, तो फिल्टर लावायचा आणि परत सेव्ह करायचं. आता कुठला रंग बदलून कुठला झाला ते सगळं त्या चित्रात उतरलेलं आहे. मग मॅजिक, तुमचा फोटो, ते बदललेलं चित्र, हायफन हाल्ड-क्लट, नवीन नाव. बास.

दोन गोष्टी सांभाळा. ॲपने चित्र लहान करता कामा नये आणि मेसेजवरून पाठवताना ते फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबलं जाऊन रंग हलतात. आणि यातून फक्त रंग येतात, कडेचा काळोख, ग्रेन, ओरखडे येत नाहीत, म्हणून ॲपमध्ये तेवढे बंद करता आले तर करा. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं तेव्हापासून चालत आलेला तो क्रॉस-प्रोसेसवाला लूक, म्हणजे स्लाइडची फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुतल्यावर यायचे तसे रंग, असल्या गोष्टी यातून एकदम व्यवस्थित उतरतात.

प्रश्न : कमांड जशीच्या तशी टाकली तरी एरर येते. विंडोजवर तर कन्व्हर्ट म्हटल्यावर डिस्कबद्दल काहीतरी बोलतं.
— एक वाचक, लातूर

उत्तर : विंडोजची स्वतःची कन्व्हर्ट नावाची कमांड आहे, ती हार्ड डिस्कची फाइल सिस्टिम बदलते, तिच्या वाटेला जाऊ नका. इमेजमॅजिक ७ घ्या आणि कन्व्हर्टच्या जागी मॅजिक लिहा. उलट काही लिनक्सवर अजून आवृत्ती ६ येते, तिथे मॅजिक सापडणार नाही, कन्व्हर्टच लिहावं लागेल. अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप असेल तर त्यातही इमेजमॅजिक चालतं.

बाकी एरर बहुतेक चिन्हांच्या असतात. लिनक्स आणि मॅकच्या टर्मिनलमध्ये कंस किंवा हॅश उघडा दिसला की शेल, म्हणजे आपल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, त्याचा आपल्या मनाने अर्थ लावतं, हॅशपासून पुढचं सगळं तर बऱ्याचदा शेरा समजून सोडूनच देतं, म्हणून हॅशने सुरू होणारा रंगाचा कोड नेहमी अवतरणचिन्हांत घाला. विंडोजवर दुहेरी अवतरण वापरा, आणि कमांड बॅच फाइलमध्ये ठेवणार असाल तर टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहा. एवढं करूनही अडलं तर कमांडमधला एकेक पर्याय शेवटाकडून काढत जा, जो काढल्यावर चालायला लागेल त्याच्यातच चूक आहे.