आमची कंपनी युरोपबाहेरची आहे, तरी आमच्या ऑनलाइन दुकानाला युरोपचा डिजिटल सुगम्यता कायदा लागू होतो का?

होतो. अपंग व्यक्तींनाही वेबसाइट, सेवा आणि उपकरणं वापरता यावीत, यासाठी हा कायदा आहे. कंपनीची नोंदणी कुठली हे गौण. युरोपीय संघातल्या ग्राहकाला तुम्ही विकता का, हे पाहिलं जातं. हा कायदा म्हणजे युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश, तो २८ जून २०२५ पासून लागू आहे. ऑनलाइन विक्री, बँकसेवा, ई-पुस्तकं, फोन असं बरंच त्यात येतं. १० पेक्षा कमी कर्मचारी आणि २० लाख युरोपर्यंत वार्षिक उलाढाल असेल तर सूट मिळते, पण ती सेवांपुरतीच.

निर्देश एकच असला तरी अंमलबजावणी ज्या त्या देशाच्या कायद्याने होते. जर्मनीत दंड १ लाख युरोपर्यंत जाऊ शकतो.

तांत्रिक बाजूला ईएन ३०१ ५४९ हे युरोपीय मानक धरून चाला. वेबसाठी त्यात डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) ची एए ही मधली पातळी आहे. साइटच्या कोपऱ्यात सुगम्यतेचं एखादं तयार विजेट (छोटं बटण-साधन) चिकटवून भागत नाही, विकणारे काहीही सांगोत. आधी माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर वस्तू निवडण्यापासून पैसे भरण्यापर्यंत जाऊन बघा. मग स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावा. तो नुसतंच ‘बटण, बटण’ म्हणत असेल, तर बटणांना नावंच दिलेली नाहीत. डेव्हलपरला पहिलं काम तेच द्या.