साठीनंतर पोहायला शिकता येतं का, आणि दहा महिन्यांच्या बाळाचं काय करायचं?

उन्हाळा लागला की बडोद्यात माझ्याकडे हा प्रश्न ठरलेला. कोणी स्वतःसाठी विचारतं, कोणी आईसाठी, की मॅडम आता वय गेलं का हो शिकायचं, आणि तरुण आईबाप विचारतात की इतक्या लहानाला पाण्यात घातलं तर चालेल का. दोन्ही प्रश्न एकाच घरातून आले होते ती केस सांगते. काकूंची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू साठी ओलांडलेल्या, दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या. सूनबाई त्यांना घेऊन आली कारण घरात रोज वाद. नातू दहा महिन्यांचा, आणि सुनेला त्याला बेबी स्विमिंगला घालायचं होतं, तिने ते व्हिडिओ पाहिलेले ज्यात बाळ पाण्यात पडतं आणि आपलंआपण उलटं होऊन तरंगतं. काकूंचा साफ नकार. "अगं हरणीचं विसरली का ही?" हे त्यांचं माझ्याकडचं पहिलं वाक्य.

बडोद्यातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर कितीतरी घरांत मुलांना पाण्याजवळ जाऊच द्यायचं नाही असं ठरलं, आणि मी ते समजू शकते. पण त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवलेले होते आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. म्हणजे बोटीत बसायचं तर जॅकेट घातल्याशिवाय नाही, पोहता येत असलं तरी नाही, हा धडा वेगळा, आणि पोरांनी पोहायलाच शिकू नये हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

काकूंची भीती मात्र हरणीच्या खूप आधीची निघाली. दुसऱ्या भेटीत सून बाहेर बसली तेव्हा त्या बोलल्या. लहानपणी सुट्टीत साताऱ्याकडे आजोळी, पाठीला डबा बांधून मामाने विहिरीत ढकललं, सगळ्या भावंडांना तसंच शिकवलं होतं त्याने, पण काकूंच्या डब्याची दोरी सैल झाली आणि त्या खाली गेल्या. नाकातोंडात पाणी, वरचा गोल उजेड, आणि वर काढल्यावर सगळे हसले. ते हसणं त्यांना पाण्याइतकंच लक्षात होतं. तेव्हापासून त्या डोक्यावरून तांब्याने पाणी घेतानासुद्धा श्वास रोखून धरायच्या, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

ढकललं की आपोआप येतं, असं आपल्याकडे अजून म्हणतात. काहींना येतंही. पण ज्याला त्या क्षणी वाटलं की आपण मरतोय, त्याचं शरीर ते साठ वर्षं विसरत नाही, आणि मग ती भीती लेकरांना, नातवंडांना "पाण्याकडे जाऊ नको" या वाक्यातून पोचत राहते. मी काकूंना सरळ विचारलं, नातवाचं नंतर बघू, तुम्हाला शिकायचंय का? त्या गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "या वयात जमेल?"

जमतं. मोठ्या माणसाला फक्त क्रम वेगळा लागतो. भीतीत माणूस श्वास रोखतो, मग अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जीव घुसमटतो, म्हणून तो मान वर काढतो, आणि मान वर गेली की पाय खाली जातात. फुप्फुसात हवा भरलेली असेल तर बहुतेकांचं अंग आपणहून वर राहतं, पण हे डोक्याला कितीही सांगा, अंगाला पटायला वेळ लागतो.

म्हणून आम्ही भीतीची शिडी केली, म्हणजे कागदावर सगळ्यात कमी भीतीची गोष्ट खाली आणि सगळ्यात जास्त भीतीची वर, प्रत्येकीला शून्य ते दहा मार्क. पहिली पायरी घरातलं तांब्याचं घंगाळ. त्यात कोमट पाणी भरायचं, दोन्ही हात कडेवर ठेवायचे, तोंड मिटून हनुवटी, मग ओठ, मग नाक बुडवायचं आणि नाकातून "म्म्म्" असा आवाज काढत राहायचं. गुणगुणत असताना नाकातून हवा बाहेर येत असते त्यामुळे पाणी आत शिरत नाही, एवढीशी गोष्ट, पण काकूंनी पहिल्यांदा नाक बुडवून वर काढलं आणि ठसका लागला नाही तेव्हा त्या सुनेला हाक मारून परत करून दाखवायला लागल्या. दोघींमधला ताण तिथेच थोडा सैल झाला असं मला वाटतं. पुढची पायरी, लेडीज बॅचला नुसतं काठावर बसून बघायचं. मग पायऱ्यांवर, मग कंबरभर पाण्यात दांडा धरून.

कोच गुजराती बाई, आवाज मोठा पण हात हळू, आणि मी आधीच त्यांना भेटून सांगितलं होतं की न सांगता हात सोडायचा नाही. "मासी, पग ढीला राखो", हे त्या सारखं म्हणायच्या. आणि त्यांनी तरंगायच्या आधी उभं राहायला शिकवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पालथं किंवा उताणं तरंगत असताना गुडघे छातीशी ओढायचे, हातांनी पाणी दाबायचं, मग पाय खाली टेकवायचे. चार फुटांत बुडायची भीती वाटते ती हे येत नसतं म्हणून. हवं तेव्हा उभं राहता येतंय हे कळल्यावर काकूंची मान मागे टेकली, कान पाण्यात गेले, आणि कोचने त्यांना विचारून मग एकेक बोट काढून घेतलं.

आता बाळ. सुनेलाही मी स्पष्ट बोलले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की एक वर्षानंतर शिकवणं सुरू करता येतं, त्याने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, पण वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवून धोका कमी होतो याला पुरावा नाही. तेव्हा दहाव्या महिन्यात कोमट पाण्यात आईच्या कुशीत खेळायचं असेल तर खुशाल खेळा, डुबकी द्यायची नाही, पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही, आणि त्याला "येतं" असं समजायचं नाही. क्लास केलेलं मूलसुद्धा पाण्याजवळ असताना हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच, फोन खाली ठेवून. आणि खरा धोका तर आपल्या न्हाणीघरात असतो. बाळाचं डोकं जड, ते बादलीत वाकलं की स्वतःला मागे ओढू शकत नाही आणि बुडतं, तेही आवाज न करता. मी विचारल्यावर कळलं की त्यांच्या घरात पाण्याच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असायच्या. ते त्याच दिवशी बंद झालं, सासू-सून दोघींचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

मोठ्यांसाठी, बीपी, हार्ट, फिट्स किंवा कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एकट्याने कधीच उतरू नका. गुडघे दुखणाऱ्यांना पाणी उलट सोयीचं, छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा साधारण एक तृतीयांशच भार उरतो. घसरायची भीती काठावर जास्त असते, तिथे रबरी चप्पल घाला. आणि शिकायचं ते पूलमध्येच, आमच्या विश्वामित्रीत तर मगरी आहेत, पण तळी आणि कॅनॉलसुद्धा शिकायची जागा नाही.

काकू आता उताण्या तरंगतात, पाय मारत थोडं अंतर जातात, खोल बाजूला जात नाहीत आणि जायची घाईही नाही. नातू दीड वर्षाचा झालाय, आईबरोबर क्लासला जातो.

तुम्ही स्वतःसाठी किंवा आईवडिलांसाठी बॅच बघत असाल तर फी भरायच्या आधी कोचला विचारा, पहिल्या आठवड्यात काय शिकवणार? हातपाय मारणं असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. पाण्यात श्वास सोडणं, तरंगणं, उभं राहणं असं आलं तर नाव घाला.