नऊ महिने पडून राहिलेले लाइव्ह रॉक आणि वाळू नव्या समुद्री टँकमध्ये वापरता येतील का?

तुमचा मित्र परदेशी जाताना साधारण २० किलो लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव राहतात असा समुद्रातला सच्छिद्र दगड) आणि वाळूची एक बादली तुमच्या गळ्यात घालून गेला. त्याआधी नऊ महिने टँक बंद फ्लॅटमध्ये पडून होता, पंप बंद, पाणी निम्म्यावर आलेलं. आता हे सगळं नळाखाली धुऊन थेट टाकलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

रॉक वापरा, पण थेट नको. वाळू टाकून द्या.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. पाणी निम्मं झालं म्हणजे खारटपणा दुप्पट झाला. त्यात पंप बंद, म्हणजे प्राणवायूही नाही. रॉकच्या भोकाभोकांत राहणारे किडे, स्पंज, शिंपले जागच्या जागी मेले आणि आतल्या आत सडले. सडताना अमोनिया सुटतो, तो माशांना विष. अमोनिया पचवणारे थोडे जिवाणू तगले असतील, पण त्यांच्या भरवशावर मासे सोडू नका. मी सोडले होते. डोंबिवलीच्या घरी असाच फुकटात आलेला रॉक नळाखाली खसाखसा घासला, वरून पांढराफेक दिसला म्हणून टँकमध्ये रचला आणि दोन क्लाउनफिश सोडून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला धापा टाकत होते आणि अमोनियाची टेस्ट पिवळ्याची हिरवीगार झाली होती. एक गेला, दुसरा मी दुकानदाराला परत नेऊन दिला.

तेव्हा आधी वास घ्या. रॉकचा एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी झाकण उघडल्यावर ओहोटीच्या किनाऱ्यासारखा वास आला तर रॉकमध्ये अजून जीव आहे. सडक्या अंड्याचा किंवा मेलेल्या माशाचा आला तर तो नुसता दगड समजा. (आमच्याकडे सासूबाईंनी ‘सुकट कुठे सांडलीय का’ म्हणून ओटा दोनदा पुसला होता. निकाल तिथेच लागला.)

जीव असेल तर ‘क्युअरिंग’ करा, म्हणजे आतली घाण सडून संपेपर्यंत रॉक वेगळ्या मिठाच्या पाण्यात ठेवा. १०० लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम, चांगला जोरदार पंप, वर झाकण. उजेड अजिबात नको, नाहीतर शेवाळ माजतं. मीठ मरीन टँकचंच घ्या, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, हायड्रोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) १.०२५ येईपर्यंत. मिठागरातलं खडे मीठ स्वस्त पडतं म्हणून वापरू नका. त्यात सोडियम क्लोराइड असतं, पण कॅल्शियम, मॅग्नेशियम हवं तेवढं नसतं. पाणीही तसंच बघून घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओला बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतो. टीडीएस मीटर शून्याजवळ दाखवेल असं पाणी हवं. हीटरची गरज मुंबईच्या हवेत क्वचितच लागते.

सुटलेली घाण जुन्या टूथब्रशने मिठाच्या पाण्यातच घासून काढा, नळाखाली नको; क्लोरीनने उरलेले जिवाणूही जातील. आठवड्यातून एकदा अमोनिया तपासा. २ पीपीएमच्या (दहा लाख भागांत दोन भाग) वर गेला तर निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि तळाचा गाळ काढा. महिना-दोन महिने लागतात. संपलं कधी म्हणायचं? बाहेरून २ पीपीएम अमोनिया घातला आणि चोवीस तासांत अमोनिया नि नायट्राइट (अमोनियापासून जिवाणू बनवतात ते दुसरं विष) दोन्ही शून्यावर आले की संपलं.

वास सडका असेल तर ब्लीच. सुगंध किंवा साबण नसलेलं साधं सोडियम हायपोक्लोराइट, एका भागाला दहा भाग पाणी, दोन दिवस. मग भरपूर पाण्याने धुवा, क्लोरीन मारायचे खडे घाला आणि गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर वाळवा. दुकानात बोलताना मात्र सांभाळा. हॉस्पिटलवाले ‘हायपो’ म्हणतात ते हे ब्लीच. जुने फोटोग्राफर आणि मासे पाळणारे ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजे वरचे क्लोरीन मारायचे खडे, ब्लीचचा नेमका उतारा. मी एकदा चुकीची बाटली घेऊन आले होते.

कुणी फरशी धुवायच्या ॲसिडमध्ये बुडवायला सांगेल. त्याने वरचा थर विरघळतो, रॉक छान पांढरा होतो, पण ब्लीच पूर्ण निघून जायच्या आत ॲसिड लागलं तर क्लोरीन वायू सुटतो. घरात तर हा उद्योग नकोच. आणि रॉक उकळायचा तर कधीच नाही. त्यावर झोअँथिड नावाचे बटणासारखे जीव असतील तर त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. उकळताना ते वाफेबरोबर हवेत येतं आणि यामुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलात पोचल्याच्या घटना घडल्या आहेत. घासतानाही हातमोजे आणि चष्मा घाला.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: फॉस्फेट. रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते फॉस्फेट धरून ठेवतं. जुन्या टँकमध्ये वर्षानुवर्षं टाकलेल्या खाद्यातलं फॉस्फेट त्यात मुरलेलं असतं. स्वच्छ पाण्यात आलं की ते हळूहळू सुटतं, म्हणूनच ‘सगळं नीट केलं तरी तीन महिन्यांनी हिरवं शेवाळ’ अशी रड असते. क्युअरिंग झाल्यावर नवीन पाण्यात रॉक दोन आठवडे ठेवा आणि मग फॉस्फेट मोजा. ०.१ पीपीएमच्या बरंच वर असेल तर पुन्हा पाणी बदला किंवा फिल्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) घाला. मासे आणायची घाई त्यानंतरच.

वाळूचं एवढं पुरे की खालचा काळा थर ढवळला तर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, माशांना तो थोडाही घातक. बादलीभर वाळू पन्नास वेळा धुवायला लागेल तेवढं पाणी आमच्या सोसायटीत तरी मिळत नाही. नवी ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू घ्या आणि व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा, बुडबुडे आले तर खरी. ओळखीतल्या निरोगी टँकमधली मूठभर वाळू त्यावर पसरली की जिवाणूंचं विरजण लागतं.

रॉक कमी पडला तर मात्र मालवणला जाऊन उचलून आणू नका. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. शिवाय खडक बांधणारी सगळी पोवळी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, त्यामुळे त्यांचा मेलेला सांगाडाही उचलायचा नाही. दुकानातला कृत्रिम सिरॅमिक रॉक घ्या, तुमच्या रॉकशेजारी ठेवला की काही महिन्यांत त्याच्यावरही जिवाणू बसतात.