'आम्हीही मार खाऊनच घडलो'

"हात उगारायचा नाही म्हणता मॅडम, मग पोराला वळण कसं लागायचं?" सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला आईपेक्षा वडीलच जास्त विचारतात. पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "आम्हीही मार खाऊनच घडलो की." ते मी कधी हसण्यावारी नेत नाही, त्यात त्या माणसाचं बालपण असतं. एका वडिलांची गोष्ट त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून सांगते.

वय ४८. पूर्व भागात घर, घरात तेलुगू, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघणारे. सहावीतल्या मुलाला गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ९ मार्क मिळाले आणि त्याने पेपरवर वडिलांची सही स्वतःच ठोकली. वडिलांनी लाकडी पट्टीने मारलं. मनगट सुजलं, तेव्हा बायको दोघांना घेऊन माझ्याकडे आली.

"मार्कांचं सोडा, पण खोटेपणा? आम्ही असं केलं असतं तर मास्तरांनी फोडून काढलं असतं."

मी म्हटलं, "मास्तरांबद्दल सांगा ना."

तासभर ते बोलत राहिले. वर्गात साठावर पोरं, टेबलावर निगडीची ओली फोक. पाढा चुकला की हात पुढे करायचा, मागे घेतला तर दोन जास्त. थंडीत पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. अंगठे धरून ओणवं उभं करायचे, पाठीवर डस्टर, तो पडला की पुन्हा पहिल्यापासून. घरी सांगायची सोय नव्हती, कारण वडीलच शाळेत सांगून आले होते, "चामडं सोला, पण पोरगं शिकलं पाहिजे."

"पाढ्यांच्या दिवशी मग मी शाळेत जायचोच नाही. कंबर तलावावर जाऊन बसायचो. घरी सांगायचो, शाळा झाली."

एवढं बोलून ते थांबले. मुलगा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

थोड्या वेळाने विचारलं, "मग पाढे आले कसे?"

"अक्कानं शिकवले." थोरली बहीण बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. हा शेजारी बसून २५-२५ च्या जुड्या मोजायचा. चार जुड्या झाल्या की शंभर, चाळीस झाल्या की हजार. चुकला तर ती म्हणायची, पुन्हा मोज. पंचवीसचा पाढा त्यांना आजही झोपेतून उठवलं तरी येतो.

लहानपणीचा मार ठसठशीत आठवतो, कारण भीतीच्या क्षणाची आठवण शरीर जपून ठेवतं. अक्काच्या शेजारची संध्याकाळ रोजचीच होती, तिचा असा ठसा उठत नाही. त्यामुळे घडल्याचं श्रेय फोकेला जातं. खरं तर घाबरलेल्या मुलाचं सगळं लक्ष पुढचा फटका चुकवण्यात गुंतलेलं असतं, गणिताला जागाच उरत नाही. कुणी तलाव गाठतो, कुणी सही करतो.

त्यांना आणखी एक गोष्ट खुपत होती, ती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. "मार चुकीचा म्हटलं तर मास्तरांशी बेइमानी होईल, मॅडम. त्यांनी माझी फी भरली होती." मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अनेकांची गाठ इथेच असते. मी म्हटलं, फी भरली त्याचं ऋण आयुष्यभर माना. पेरांवरच्या पट्टीचं ऋण मानायची गरज नाही. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. हा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

शिस्त सोडा असं मी त्यांना सांगितलं नाही. खोट्या सहीचा परिणाम भोगायचाच होता. मुलाने वर्गशिक्षकांकडे जाऊन स्वतः कबूल करायचं ठरलं, वडील सोबत गेले पण बाहेर थांबले. रोज रात्री आठ ते साडेआठ गणित, मोबाइल कपाटात, दोघांचाही. राग चढला तर उठून पाणी प्यायचं आणि परत येऊन बसायचं. परत येणं सगळ्यांत महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात दोनदा आवाज चढला, एकदा वही भिरकावली गेली. हात उठला नाही.

महिनाभराने तिघं आले तेव्हा पुढच्या चाचणीचा पेपर सोबत होता. २० पैकी ८.

"एक मार्क कमीच झाला," वडील म्हणाले. "पण चप्पल काढायच्या आत येऊन म्हणाला, नान्ना, आठच पडले." आवाज दाटला होता त्यांचा. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं, सांगा."

पेपर टेबलावर उघडला. जवळजवळ सगळ्या चुका अपूर्णांकांत होत्या, छेद सारखे न करताच बेरीज केलेली. मुलाने पेन्सिल काढली.